रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ आहे

(आपल्या सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी आत्ताच शेतातून येऊन पाय धुतले असतील, कुणी चुलीपुढं बसून ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडं असू द्या. विषय छातीतल्या गाठीचा आहे. घरात पुरुषमाणूस बसलेला असला तरी रेडिओ बारीक करू नका. त्यांनाही ऐकू द्या, दवाखान्यात नेताना गाडी तेच काढतात.

‘तपासणी करून घ्या’ हे तुम्ही खूपदा ऐकलंय. उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आशाताई घरी येऊन फॉर्म भरून नेतात. पण तपासणी केली, ‘काही नाही, नॉर्मल आहे’ असं सांगितलं, आणि गाठ मात्र हाताला लागतेच आहे, तर काय करायचं? हे कुठल्या भिंतीवर लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणून आज त्यावर बोलते. पहिल्या तपासणीत निसटलेला कॅन्सर असू शकतो. तो शोधायला दुसरं मशीन लागतं. आणि ते पुष्कळ वेळा आपल्यालाच मागावं लागतं.

आपल्याकडं पहिली तपासणी दोन प्रकारची होते. एक हातानं. सरकारच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या बाईची छाती नर्सताईंनी किंवा डॉक्टरांनी हातानं तपासायची, दर ५ वर्षांनी. या हाताच्या तपासणीला कुणी हलकं समजू नये. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यात अर्ध्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर २ वर्षांनी हातानं तपासत होत्या. २० वर्षांनी हिशेब केला, तेव्हा ५० आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. ही दुसरी गोष्टही लक्षात असू द्या.

दुसरी तपासणी मॅमोग्राफीची. म्हणजे छातीचा एक्स-रे. कधी कधी तालुक्याला बस येते, त्या बसमध्ये मशीन असतं. छाती दोन पाट्यांमध्ये दाबतात, थोडं दुखतं, मिनिटभरात सुटका होते. पाळी येत असेल तर पाळी आल्यापासून आठवड्याभरानं गेलेलं बरं, दुखणं कमी वाटतं.

आता या फोटोत गाठ का निसटते ते सांगते. तुम्ही सगळ्या धान्य निवडता. काळ्या उडदात पांढरा खडा पडला तर सूप हातात घेतल्याबरोबर दिसतो. तोच खडा तांदळात पडला तर? निवडून निवडून डोळे दुखतात आणि खडा सापडतो तो जेवताना दाताखाली. मॅमोग्राफीत नेमकं हेच होतं. छातीतली चरबी फोटोत काळपट दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारं मांस पांढरं दिसतं. आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. जिच्या छातीत चरबी जास्त, तिचा फोटो उडदासारखा. जिच्या छातीत ग्रंथी जास्त, तिचा फोटो तांदळासारखा. डॉक्टर कितीही हुशार असला तरी तांदळातला खडा निसटू शकतो.

ग्रंथी जास्त असणं याला डॉक्टर ‘डेन्स’ म्हणतात, आपण दाट म्हणू. हा आजार नाही. छाती मोठी की लहान, घट्ट की सैल, याच्याशीही त्याचा संबंध नाही. हात लावून ते कळत नाही, फोटो काढल्यावरच कळतं. अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायकांची छाती दाट आहे. वय कमी असेल तर ती जास्त दाट असते, पाळी गेल्यावर बहुतेकींची विरळ होत जाते. आपल्या देशात स्तनाचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा साधारण १० वर्षं आधी होताना दिसतो, चाळिशी-पन्नाशीतच. म्हणजे ज्या वयात आपल्याला धोका, त्या वयात पुष्कळजणींची छाती तांदळासारखी. शिवाय छाती खूप दाट असेल तर कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्थाच सांगते की तपासणीच्या वेळी असलेल्या दर ५ कॅन्सरांपैकी साधारण १ मॅमोग्राफीत निसटतो. दाट छातीत जास्त निसटतात.

या गोष्टीवरून अमेरिकेत एक बाई सरकारशी भांडली. तिचं नाव नॅन्सी कपेलो. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी, शिकलेली, वर्षाच्या वर्षाला मॅमोग्राफी न चुकता करणारी. एकदा असाच तिचा रिपोर्ट नॉर्मल आला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी डॉक्टरांच्या हाताला तिच्या छातीत काहीतरी लागलं. पुन्हा मॅमोग्राफी केली, पुन्हा काही दिसलं नाही. मग सोनोग्राफी केली आणि अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. तोवर कॅन्सर काखेतल्या १३ गाठींपर्यंत गेला होता. तिनं विचारलं, हे आधी का नाही दिसलं? तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की तिची छाती दाट आहे. डॉक्टरांना ते आधीच्या फोटोंवरून माहीत होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, माझ्या शरीराची गोष्ट मलाच का सांगत नाही? तिच्या पाठपुराव्यामुळं २००९ साली तिच्या कनेटिकट राज्यात कायदा झाला की छाती दाट असेल तर ते बाईला कळवायचं. मग एकेक राज्य करत तो पसरला, आणि सप्टेंबर २०२४ पासून तो नियम सगळ्या अमेरिकेला लागू झाला. तो दिवस पाहायला नॅन्सीबाई राहिल्या नाहीत, २०१८ सालीच त्या गेल्या. आपल्याकडं असं कळवण्याची सक्ती नाही. म्हणून आपण विचारायचं.

सोनोग्राफीत काय वेगळं होतं? तिथं एक्स-रे नसतो, आवाजाच्या लहरी असतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. छातीवर गार मलम लावतात आणि एक यंत्र फिरवतात. त्या पडद्यावर ग्रंथी पांढुरक्या दिसतात आणि कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा काळपट. म्हणजे तांदळातला पांढरा खडा नव्हे, तांदळात पडलेला उडदाचा दाणा शोधायचा. शिवाय गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हेही लगेच कळतं. चाळिशीत पाण्याच्या गाठी खूप जणींना होतात, त्या कॅन्सरच्या नसतात.

जपानमध्ये याचा मोठा अभ्यास झाला. चाळिशीतल्या जवळजवळ ७३,००० बायका. निम्म्यांची नुसती मॅमोग्राफी केली, निम्म्यांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. नुसत्या मॅमोग्राफीत १०० पैकी ७७ कॅन्सर सापडले. दोन्ही केल्यावर १०० पैकी ९१. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी जाहिरात करते असं होईल. ज्यांना कॅन्सर नव्हता अशा १०० बायकांमागं मॅमोग्राफीत साधारण ९ जणींना पुढच्या तपासणीला बोलावलं जात होतं, सोनोग्राफी जोडल्यावर ते १२ झालं. त्या तिघींचा जीव विनाकारण टांगणीला लागला. आणि नुसती सोनोग्राफी करूनही भागत नाही. काही कॅन्सर सुरुवातीला चुन्याच्या बारीक कणांसारखे असतात, ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात. एक मशीन दुसऱ्याच्या बदली नाही, जोडीला आहे.

आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की अडचण वेगळीच. एका ताईला डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी लिहून दिली, तर सासूबाई म्हणाल्या, “या वयात सोनोग्राफी? दिवस गेलेत का?” दुसऱ्या गावात नवऱ्यानं कागद बघितला आणि दोन दिवस बोलला नाही. मैत्रिणींनो, सोनोग्राफी पोटाचीच असते असं नाही. ती गळ्याची होते, मूत्रपिंडाची होते, छातीची होते. आता शिबिरात हे मशीन का नसतं, असं मला पुष्कळजणी विचारतात. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आहे, त्यामुळं सोनोग्राफीचं मशीन नोंदणी करूनच वापरता येतं, वाटेल त्या गावात उचलून नेता येत नाही. मुली वाचाव्यात म्हणून केलेला कायदा आहे, तो हवाच. पण त्याचा अर्थ असा की शिबिरात मॅमोग्राफी झाली आणि पुढं सोनोग्राफी लागली, तर बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागणार. हे धरूनच चालायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट. तो इंग्रजीत असतो, आणि आपण तो पिशवीत घालून ट्रंकेत साड्यांखाली ठेवून देतो. माझं इंग्रजी बीएपुरतं. पण त्या कागदावर दोनच गोष्टी शोधायच्या असतात, त्या दहावीतली पोरगीसुद्धा शोधून देईल.

पहिली गोष्ट, ‘बायरॅड्स’ असा शब्द असतो आणि त्यापुढं एक आकडा, शून्य ते सहा. इथं आपली मोठी गल्लत होते. शून्य म्हटलं की आपल्याला वाटतं काहीच नाही, सुटलो. तसं नाही. बायरॅड्स शून्य म्हणजे ‘तपासणी अपुरी आहे, या फोटोवरून सांगता येत नाही, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करा, नाहीतर जुने फोटो आणून दाखवा’. एक म्हणजे काही सापडलं नाही. दोन म्हणजे काहीतरी आहे पण ते साधं आहे. तीन म्हणजे बहुतेक साधंच आहे, पण ६ महिन्यांनी पुन्हा बघायचं. ते ६ महिने चुकवायचे नाहीत, सुगी असली तरी. चार आणि पाच म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासायला हवा. सहा म्हणजे कॅन्सर आहे हे आधीच सिद्ध झालेलं आहे.

दुसरी गोष्ट, ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर, किंवा इंग्रजीत ‘डेन्स’ हा शब्द. ए आणि बी म्हणजे उडीद. सी आणि डी म्हणजे तांदूळ. सी किंवा डी असेल तर डॉक्टरांना सरळ विचारायचं, “माझी छाती दाट आहे असं लिहिलंय, सोनोग्राफी करायची का?” डॉक्टर तुमचं वय बघतील, आईला किंवा बहिणीला झालं होतं का हे विचारतील, आणि सांगतील. नको म्हणाले तर का नको, तेही सांगतील. विचारण्यात त्यांचा अपमान होत नाही.

आमच्या भागातल्या एका गटातली ताई, वय ४४. डाव्या छातीत काबुली चण्याएवढी गाठ, दुखत नव्हती. शिबिरात मॅमोग्राफी झाली. कागद हातात देताना कुणीतरी म्हणालं, “काही दिसत नाही, जावा.” ती गेली. आनंदानं गेली, देवाला नारळ फोडला. चार महिन्यांनी गटाच्या बैठकीत हप्ता भरताना सहज म्हणाली, “गाठ आहे तशीच आहे, पण रिपोर्ट चांगला आलाय.” अध्यक्षबाई हुशार, त्यांनी कागद मागवून घेतला आणि मला दाखवला. त्यावर बायरॅड्स शून्य होतं, छाती डी होती, आणि शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, सोनोग्राफी करावी. कागद खरं बोलत होता, तो कुणी वाचून दाखवला नव्हता. आठवड्याच्या आत जिल्ह्याला सोनोग्राफी झाली, त्यात गाठ दिसली, सुईनं तुकडा काढला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. आता ती शेळ्या राखते आणि हप्ता वेळेवर भरते. तिच्याच मागोमाग दुसरी एक ताई घाबरून सोनोग्राफीला गेली. तिच्या गाठीत पाणी निघालं, सुईनं काढून टाकलं, त्याच दिवशी घरी. बहुतेक गाठी अशाच निघतात, कॅन्सरच्या नसतात. पण ते मशीननं सांगायचं, शेजारणीनं नाही.

शिबिरं घेणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. किती बायकांचे फोटो काढले हा आकडा तुम्ही बॅनरवर लावता. त्यातल्या किती जणींना शून्य आलं आणि त्या पुढं कुठं गेल्या, तोही आकडा ठेवा. रिपोर्टाच्या शेवटच्या ओळी मराठीत लिहून द्यायला काय लागतं?

सुईबद्दल बोलते, कारण इथंच बायका मागं फिरतात. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’, हे मी प्रत्येक गावात ऐकलंय. सुईच्या तपासणीनं कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो तपासणी टाळून घरी बसल्यानं. छाती बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत सुई नेमकी गाठीत नेतात आणि शेवयासारखा बारीक तुकडा काढतात. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे शेवटी तो तुकडाच सांगतो. हात, फोटो आणि तुकडा, तिन्ही एकच सांगतायत का हे डॉक्टर बघतात. म्हणून गाठ हाताला नीट लागत असेल आणि फोटो नॉर्मल असेल, तर गोष्ट संपलेली नसते. तिघांपैकी एक वेगळं बोलतोय ना.

एमआरआयबद्दलही विचारतात. नेदरलँड्समध्ये छाती अतिशय दाट आणि मॅमोग्राफी नॉर्मल अशा बायकांचा एमआरआय केला. २०१९ साली त्याचे आकडे आले. दर हजार बायकांमागं १६-१७ जणींमध्ये निसटलेला कॅन्सर सापडला. म्हणजे मशीन जबरदस्त आहे. पण हजारामागं जवळजवळ ८० जणींना विनाकारण पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या. शिरेतून औषध द्यावं लागतं, बोगद्यासारख्या मशीनमध्ये पालथं पडून राहावं लागतं, आणि खर्च मोठा. घराण्यात आई, मावशी, बहीण अशा कितीजणींना कॅन्सर झालेला असेल, किंवा डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिला असेल, तर करावा. नुसती भीती वाटते म्हणून दागिना गहाण ठेवून एमआरआय करायला जाऊ नका. आपल्या पायरीवर पहिला प्रश्न सोनोग्राफीचा आहे.

पैशाचं. आधी सरकारी दवाखाना, उपजिल्हा किंवा सिव्हिल. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड नीट करून ठेवा, नावातल्या चुका आत्ताच दुरुस्त करा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, तपासणीचा खर्च त्यात धरतात का हे त्यालाच विचारायचं, बाहेरच्या दलालाला नाही. आणि बाहेर सोनोग्राफी करावी लागली तर गट कशाला आहे? म्हशीसाठी अंतर्गत कर्ज देतो, लग्नासाठी देतो. आमच्या काही गटांनी ठराव केलाय की तपासणीसाठी मागितलेलं कर्ज त्याच बैठकीत मंजूर करायचं, कारण विचारत बसायचं नाही, आणि सोबत एक सभासद पाठवायची. भाडं गटातून. सोबतीण असली की बाई अर्ध्या वाटेवरून परत येत नाही.

जाताना जुने फोटो आणि रिपोर्ट, सगळी पिशवी घेऊन जा. जुना फोटो शेजारी ठेवला की नवीन काय आलंय ते डॉक्टरांना लवकर दिसतं. आणि गाठ नेमकी कुठं लागते ते सोनोग्राफी करणाऱ्याला बोट ठेवून दाखवा, लाजू नका. तो तिथं यंत्र मुद्दाम फिरवेल. गाठ नसली तरी बोंडातून रक्तासारखं पाणी येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत ओढलं जाणं, काखेत गाठ येणं, यातलं काही असेल तर जुन्या नॉर्मल रिपोर्टाच्या भरवशावर थांबायचं नाही.

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट पडून आहे, त्यांनी या महिन्याच्या बैठकीला तो पिशवीसकट घेऊन यावं. बैठकीच्या शेवटची १५ मिनिटं त्याला ठेवायला मी सगळ्या गटांच्या सचिवांना सांगितलंय. ज्यांना चारचौघींत दाखवायचा नसेल त्यांनी आशाताईंकडं द्या, त्या आकडा आणि अक्षर बघून सांगतील.